मधलं सिलिंडर

पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्या. २०२२ चा जुलै महिना. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते आणि मी तिला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला नेत होते. सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलाच्या सिग्नलला आम्ही उभ्या होतो. पाय लांब करून मागच्या सीटवर आडवी बसलेली आई म्हणाली, "अगं, गाडी थरथरतेय का?" मी म्हटलं, पाऊस आहे, एसी चालू आहे, तीन सिलिंडरचं इंजिन थोडं हलतंच. ती काही बोलली नाही. दाराच्या खणातली पाण्याची बाटली तिनं फक्त बोटानं दाखवली. बाटलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती आणि दर दोन-तीन सेकंदांनी एक मोठा हिसका येऊन ती मोडत होती.

आमची गाडी २०१५ ची. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, कंपनीतूनच सीएनजी किट बसवून आलेली. पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन गरम झालं की आपोआप गॅसवर जाते. (पुढे मी सिलिंडर म्हणेन तेव्हा इंजिनातलं सिलिंडर समजा, डिकीतली गॅसची टाकी नव्हे.) तोवर ६१ हजार किलोमीटर झाले होते. ऑइल, फिल्टर, ब्रेक, टायर हे सगळं मी वेळेवर करत आले होते. इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारे प्लग बदलल्याची एकही पावती माझ्या फाइलमध्ये नव्हती, आणि ही गोष्ट मला फार उशिरा दिसली.

आईनं दाखवल्यापासून मी कान देऊन ऐकायला लागले. गाडी पळताना काही जाणवत नसे. न्यूट्रलला उभी राहिली की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा ८०० वर स्थिर राहायच्या ऐवजी मधूनच ६०० कडे झुके आणि परत वर येई. आतला आरसा थरथरे, त्यातल्या मागच्या गाड्या धूसर दिसत. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून मी मागे गेले आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळवा धरला. चांगल्या इंजिनाचा वारा एकसारखा लागतो. इथे वारा लागत होता, लागत होता, आणि मधेच एक जागा रिकामी जात होती. फट-फट-फट, मग काहीच नाही, मग पुन्हा फट-फट. आणखी एक गोष्ट मी तेव्हाच टिपून ठेवली. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेतली की हे सगळं निम्म्याहून कमी होई. माझ्या हातात मिळालेला सगळ्यात मोठा धागा तोच होता. त्याचा अर्थ लावायला मात्र आणखी महिना गेला.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. गॅसवर त्रास आहे, पेट्रोलवर नाही, म्हणजे गॅसचा प्रॉब्लेम. एका ठिकाणी किटचं ट्यूनिंग झालं, गॅसचा फिल्टर बदलला. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, इंजिन माउंटिंगचं रबर बसलंय. तेही बदललं. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ केली, तिच्यात काळं किटण होतं हे खरं, आणि साफ केल्यावर पिकअप थोडा सुधारला हेही खरं. पण बाटलीतलं पाणी काही शांत होईना. ५ हजार १०० रुपये गेले. त्या माणसांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. दोघंही कामात होते, बाहेर रांग होती, आणि त्यांनी नेहमी जे बिघडतं ते बदललं. पण इंजिनातलं कुठलं सिलिंडर काम करत नाहीये हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारला नाही, आणि तो विचारावा हे तेव्हा मलाही कळत नव्हतं. इथेच सगळे पैसे आणि वेळ वाया गेला असं मला आजही मनापासून वाटतं.

ऑगस्टमध्ये आईला वाईला मावशीकडे जायचं होतं. कात्रजचा बोगदा पार करून शिरवळपर्यंत गाडी ठीक होती. खंडाळा मागे पडलं आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागे, बोगदा मिळे तो परतताना. दुसऱ्या वळणावर मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं ओढच सोडली. कोणी मागून दोरी धरल्यासारखी ती गचके खात चढायला लागली, आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागला. नुसता लागला नाही, उघडझाप करायला लागला.

हे एवढं प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवं म्हणून जरा थांबून सांगते. तो पिवळा दिवा स्थिर जळत असेल तर गाडी काळजीपूर्वक चालवत गॅरेजला नेता येते. तो उघडझाप करत असेल, तर एखादं सिलिंडर मोठ्या प्रमाणात मिस होतंय, म्हणजे त्यातलं इंधन पेटत नाहीये, आणि ते न जळलेलं इंधन पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय. तिथली उष्णता इतकी वाढू शकते की आतली जाळी वितळते, आणि तो भाग हजारांत मिळतो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडायचा आणि जोर द्यायचा नाही. मला हे तेव्हा फक्त अर्धवट माहीत होतं. मी डाव्या कडेला रुंद जागा बघून गाडी थांबवली, दोन मिनिटं बंद ठेवली, पेट्रोलवर टाकली आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घाट चढले. दिव्याची उघडझाप थांबली, तो जळत मात्र राहिला. मागे आई एका हातानं दाराचा दांडा आणि दुसऱ्या हातानं नवा गुडघा धरून बसली होती. वाई येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

परत आल्यावर मी तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. ते एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले, सगळी हयात डिझेल इंजिनांत गेलेली. मी सगळी कहाणी सांगितली. ट्यूनिंग, माउंटिंग, थ्रॉटल, घाट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुठलं सिलिंडर मारत नाहीये?"

मी म्हटलं, "ते कसं कळणार काका?"

"मग एवढं सगळं बदललं कशाच्या जोरावर?" ते रागावले नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. डिझेल गाडीला ठिणगीचा प्लग नसतो. इंजिन मिस व्हायला लागलं की ते चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरला, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाला, जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर सांडतं आणि ते सिलिंडर बंद पडतं. चांगलं सिलिंडर बंद केलं की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो, ते आणखी लंगडतं. नट सैल करूनही जिथे काहीच फरक पडत नाही, तिथे ते सिलिंडर आधीपासूनच मेलेलं असतं. "पोरी, आजारी माणूस शोधायचा तर एकेकाला हाक मारायची. जो ओ देत नाही, तो तो."

आम्ही तेच केलं. गाडी गरम करून गॅसवर आणली आणि बॉनेट उघडलं. या इंजिनाला प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग, बसते, जुन्या गाड्यांसारख्या लांब वायरी नसतात. कॉइल चालू इंजिनावर उपसायची नाही, जबर शॉक बसतो आणि कॉइलही जाते. तिच्याकडे येणारा छोटा कनेक्टर काढायचा, तोही काही सेकंदच, कारण तेवढा वेळ न जळलेलं इंधन कन्व्हर्टरकडे जात असतं. काकांनी बेल्टच्या बाजूच्या पहिल्या कॉइलचा कनेक्टर काढला. इंजिन धडधडून बंदच पडायला आलं. लावला. तिसऱ्याचा काढला, तीच गत. मग मधला काढला. काही झालं नाही. त्यांनी कनेक्टर दोन बोटांत धरून माझ्याकडे बघितलं, परत लावला, परत काढला. बॉनेटच्या दांड्याला टेकलेला माझा हातही सांगत होता की थरथर आहे तशीच आहे.

गाडी उभी असताना तीनपैकी एक सिलिंडर झोपलं होतं आणि बाकीचे दोघं त्याचा भार ओढत होते.

नंतर मी ९०० रुपयांचा एक छोटा ब्लूटूथ ॲडॅप्टर मागवला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो घालायचा आणि फोनवर गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले कोड वाचायचे. कोड आला पी ०३०२. यातले शेवटचे दोन आकडे सिलिंडरचा नंबर सांगतात. ०१ असेल तर पहिलं, ०२ असेल तर दुसरं. पी ०३०० आला तर मिसिंग एका जागी नाही, इकडेतिकडे आहे. कॉम्प्युटरला हे कळतं कसं, याचं मला फार कुतूहल होतं. क्रँकशाफ्टजवळ, म्हणजे सिलिंडरांच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याजवळ, एक सेन्सर असतो, तो शाफ्टच्या फिरण्याचा वेग क्षणाक्षणाला मोजतो. प्रत्येक सिलिंडर पेटलं की शाफ्टला एक धक्का मिळतो. ज्याच्या पाळीला धक्का मिळाला नाही, त्याच्या पाळीला वेग किंचित पडतो. म्हणजे कॉम्प्युटरही काकांचंच काम करत होता. हाक मारत होता आणि कोण ओ देत नाही ते लिहून ठेवत होता.

दोष मधल्या सिलिंडरमध्ये आहे हे कळलं. पण कशात? कॉइल, प्लग, इंजेक्टर, नाहीतर आतलं कॉम्प्रेशन, म्हणजे इंधन-हवा दाबली जाण्याचा जोर. माझा हात लगेच नव्या कॉइलच्या ऑर्डरकडे गेला. काकांनी थांबवलं. "एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशानं बरं झालं ते कळणार नाही." इंजिन थंड झाल्यावर मधली कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी मधल्यावर लावली, कोड पुसला आणि मी वडगावपर्यंत चक्कर मारून आले. दोष कॉइलमध्ये असता तर कोड पी ०३०३ झाला असता, कॉइलबरोबर आजारही सरकला असता. कोड आला पी ०३०२. कॉइल निर्दोष सुटली. दोन हजारांची खरेदी वाचली आणि त्यासाठी लागला होता एक १० नंबरचा पाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढायला घेतले. रविवार होता, गाडी रात्रभर उभी होती, आणि हे महत्त्वाचं आहे. हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनात प्लग काढायला गेलं की मऊ धातूचे आटे प्लगबरोबर निघून येण्याची भीती असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, कॉइली काढल्या. खाली तीन खोल विहिरी दिसत होत्या आणि प्रत्येकीच्या तळाशी प्लगचं पांढरं डोकं. काकांनी सायकलचा पंप आणला होता. प्लग सैल करायच्या आधी प्रत्येक विहिरीत जोरात हवा मारून तळाची माती उडवली, कारण प्लग निघाल्यावर तिथे असेल ते सगळं थेट सिलिंडरमध्ये पडतं. मग लांब सॉकेट आत सोडलं. त्याच्या पोटात रबराची कडी असते, ती प्लग धरून ठेवते. पहिला झटका द्यायला मला दोन्ही हात लावावे लागले. कर्र असा आवाज झाला. काका म्हणाले, थोडं सोड, थोडं परत आवळ, पुन्हा सोड. पाव-पाव फेऱ्यानं तो सुटला आणि मग बोटांनी फिरायला लागला.

मधला प्लग मी वर काढला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांची स्कूटर होती. आमच्या लहानपणी बाबांच्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या डिकीत प्लगचा पाना, जुनी बनियन आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असे. पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागे, ते जळून प्लगवर काजळी धरे, आणि कुठल्याही चढावर स्कूटर रुसली की बाबा रस्त्याच्या कडेला बसून प्लग घासून परत लावत. त्यामुळे बिघडलेला प्लग म्हणजे काळा, तेलकट प्लग हेच चित्र माझ्या मनात पक्कं होतं.

हा प्लग काळा नव्हता. तो स्वच्छ होता, अगदी फिकट राखाडी. क्षणभर माझा जीवच बसला, कारण मला वाटलं हा तर चांगला आहे, म्हणजे दोष कॉम्प्रेशनमध्ये. काकांनी तो चष्म्याजवळ धरला आणि म्हणाले, "रंग नंतर बघ. आधी आकार बघ."

तेव्हा मला दिसलं. नव्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड चपट्या माथ्याचा, कडा धारदार असलेला एक छोटा खांब असतो. याचा माथा चोखून झालेल्या गोळीसारखा गोल झाला होता. त्याच्यावर वाकलेली धातूची पट्टी खालून खळगा पडून पातळ झाली होती. फट मोजायच्या फीलर गेजची ठरावीक जाडीची पाती एकेक करून मधे घालून बघितली. ठरलेली फट १ मिलिमीटरची, आणि दीड मिलिमीटरची जोडपाती सहज सरकत होती. पहिल्या आणि तिसऱ्या प्लगची फट १.३ च्या आसपास निघाली. तिन्ही झिजले होते, मधला सगळ्यात जास्त.

मी त्या रात्री वहीत हिशोब मांडला. शहरात ताशी २५ किलोमीटरच्या सरासरीनं ६१ हजार किलोमीटर म्हणजे सुमारे २,४४० तास. इंजिन सरासरी मिनिटाला दीड हजार फेरे फिरलं असं धरलं आणि दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, तर तासाला ४५ हजार. एका प्लगनं जवळपास ११ कोटी ठिणग्या मारल्या होत्या. प्रत्येक ठिणगीत त्या खांबाचे काही कण जातात. काजळी पुसता येते. उडून गेलेला धातू पॉलिश पेपरनं परत येत नाही, उलट घासलं तर आणखी जातो. बाबांचा उपाय त्यांच्या स्कूटरसाठी बरोबर होता आणि माझ्या गाडीसाठी निरुपयोगी होता.

पण तिन्ही झिजलेले असताना ओ देत नव्हतं ते मधलंच का? त्याचं उत्तर प्लगच्या वरच्या अंगावर होतं. पांढऱ्या पोर्सेलीनवर वरपासून खालच्या धातूपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, अणकुचीदार पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मी नखानं खरवडली, ती गेली नाही. फट रुंदावली की ठिणगीला ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं चढवते, आणि मग विजेला सोपी वाट दिसते, पोर्सेलीनच्या बाहेरून सरळ खाली धातूत. एकदा ती वाट जळून काळी पडली की वीज पुन्हा पुन्हा तिथूनच जाते आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. कॉइलच्या रबरी बुटात, म्हणजे प्लगवर चढणाऱ्या रबरी टोपणात, टॉर्च मारून पाहिलं तर आत त्याच उंचीवर एक पांढुरकी रेघ उमटलेली होती. म्हणजे नुसता प्लग बदलून भागलं नसतं, त्या बुटानं नव्या प्लगवरही तीच वाट पाडली असती. बाकीच्या दोन प्लगांवर धातूच्या लगत एक तपकिरी कडं होतं. मला वाटलं तिथून हवा गळतेय. तसं नाही, जास्त व्होल्टेजच्या भोवती हवेतले तेलाचे कण चिकटून तो डाग पडतो आणि त्यानं काही बिघडत नाही.

आणि गॅसचं कोडंही इथेच सुटलं. पेट्रोलच्या तुलनेत सीएनजी पेटवायला प्लगवर जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग पेट्रोलवर कसंबसं काम रेटून नेतो, गॅसवर मात्र आधी हात टेकतो. उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये इंधन-हवा थोडी आणि जुना धूर जास्त, म्हणून तिथे अशक्त ठिणगी वाया जाते. घाटात जोर दिला की आतला दाब वाढतो, त्या दाबातून ठिणगी उडवायला आणखी व्होल्टेज लागतं, म्हणून तिथेही ती कोलमडते. सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात, सगळं ठीक वाटतं. म्हणून गॅसवर त्रास, पेट्रोलवर नाही, एवढ्यावरून किटला दोष देणं घाईचं ठरतं. सीएनजी गाडी असलेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

नाना पेठेत दुकानदारानं दोन प्रकारचे प्लग समोर ठेवले. साधे निकेलचे १५० रुपयांना एक, इरिडियम या कठीण धातूचे चौपट. निकेलचे साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे लाखाच्या घरात. इरिडियमचा खांब सुईसारखा बारीक असतो, तिथून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते, त्यामुळे गॅसच्या गाडीला तो मानवतो असं दुकानदार म्हणाला आणि त्यात तथ्य आहे. मी तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेला नंबरच घेतला, निकेलचा. प्लगवरच्या नंबरातला प्रत्येक आकडा कामाचा असतो. मधला आकडा उष्णतेचा, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडला देतो त्याचा. शेवटचा १० म्हणजे फट १ मिलिमीटर. इथे अंदाजानं बदल करू नये. बाजारात बनावट प्लगही फिरतात, म्हणून मी नेहमीचं, बिल देणारं दुकान धरलं आणि तिन्ही खोके तिथेच उघडून छपाई, आटे आणि पट्टी मधोमध आहे का ते पाहून घेतलं. रबरी बूट १८० रुपयांना वेगळं मिळालं. ते नसतं मिळालं तर अख्खी कॉइल घ्यावी लागली असती.

बसवताना सगळ्यात जास्त जपायचं ते आट्यांना. नवीन प्लगांची फटही मी गेजनं तपासली, खोक्यात आपटून पट्टी वाकलेली असू शकते. मग प्लगच्या डोक्यावर वीतभर रबरी नळीचा तुकडा बसवला आणि त्या नळीनं प्लग विहिरीत सोडून बोटांनी फिरवला. पान्यानं सुरुवात केली तर वाकडा चढलेला आटा कळतच नाही, पाना जोरानं ओढून नेतो. नळी मात्र वाकडं चढलं की हातातच घसरते. पहिले दोन लोण्यासारखे गेले. तिसरा अर्ध्या फेऱ्यावर अडला. माझ्या पोटात गोळा आला. काकांनी सांगितलं, उलटा फिरव, हलकेच. डावीकडे फिरवताना एका जागी टिक् असं बारीक खाली बसल्याचं बोटांना कळलं, तो आट्याचा आरंभ. तिथून उजवीकडे वळवला आणि प्लग शेवटपर्यंत मऊ गेला.

हातानं टेकेपर्यंत आणल्यावर पान्यानं फक्त अर्धा फेरा. नव्या प्लगचा वॉशर तेवढ्यात दबतो आणि जागा घट्ट बसते. वापरलेला प्लग परत लावायचा असेल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला जेमतेम फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, आहे त्यांनी पुस्तिकेतला आकडा लावावा, ते सगळ्यात चांगलं. मी पुढच्या वेळी सुटायला सोपं जावं म्हणून आट्यांना ग्रीस लावायला निघाले होते. काकांनी डबी काढून घेतली. ग्रीस लावलं की प्लग नकळत जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात.

कॉइली, कनेक्टर, फिल्टरचा डबा, बॅटरी. चावी फिरवली. गाडी पेट्रोलवर सुरू झाली, ते तर आधीही होत होतं. मी काटा बघत बसले. चार मिनिटांनी गॅसचा हिरवा दिवा लागला आणि माझा श्वास अडकला. काटा ८०० वर होता. तिथेच राहिला. काका मागे जाऊन सायलेन्सरजवळ तळवा धरून उभे होते, मला आरशात फक्त त्यांचे टाळूवरचे पांढरे केस दिसत होते. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले, मग उठून मान हलवली. आरसा इतका स्थिर होता की मागच्या भिंतीवरचे पोपडे मोजता आले असते.

कोड पुसला. आठवडाभर रोज वाचला, रिकामा. किलोला २१ वर आलेलं ॲव्हरेज पुढच्या दोन टाक्यांत २५ झालं. हजार किलोमीटर झाल्यावर मी मधला प्लग एकदा परत काढून पाहिला, नुसतं बघायचं म्हणून. टोकाला बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग चढला होता, पोर्सेलीन कोरं होतं. बॉनेटच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या रंगानं ६१,४०० लिहून ठेवलं आहे आणि खाली, पुढचे ९५ हजारांच्या आत.

त्या रविवारी वर आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर वाट बघत होती. मी जुना मधला प्लग तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडात धरून फिरवला, गोल झालेल्या टोकावरून अंगठा नेला आणि म्हणाली, "हा आपल्या गाडीचा? यांचा तर नेहमी काळा असायचा. माझ्या चांगल्या पदराला पुसायचे." मग तिनं तो परत दिला नाही. आता तो देवघराखालच्या खणात, बाबांच्या प्लगच्या पान्याशेजारी आहे.